पाठलाग कुणी थांबवायचा?

निकालपत्राला चित्रफीत जोडायची, असा प्रकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एप्रिलपर्यंत कधी केला नव्हता. ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या खटल्यात तो केला. काय झालं ते चित्रफीतच सांगेल, असं बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया म्हणाले आणि ती न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवून दिली. ज्याला शंका असेल त्याने स्वतःच बघावं.

बघितली. पोलिसांच्या गाडीच्या काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे. रात्र आहे, रस्ता दुपदरी. पुढे पळणाऱ्या गाडीचे दोन लाल दिवे कधी हाताशी आल्यासारखे वाटतात, कधी ठिपक्याएवढे होतात. सायरन थांबत नाही. मधूनच बिनतारीवर कुणीतरी तुटक बोलतं. कडेला घेतलेल्या गाड्या झपकन मागे पडतात. पुढची गाडी दुहेरी पिवळी रेषा ओलांडून एकाला मागे टाकते, पुन्हा आपल्या बाजूला येते. मग पोलिसांची गाडी तिच्या मागच्या बंपरला धक्का देते. ती रस्ता सोडते, बांधावरून खाली जाते, उलटते. सुमारे सहा मिनिटं आणि दहा मैल, एवढाच हा मामला.

गाडी चालवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. तो मानेखाली कायमचा लुळा झाला.

ही हकिकत अटलांटाच्या दक्षिणेकडच्या कोवेटा काउंटीतली, मार्च २००१ मधली. ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो ७३ मैलांनी जात होता. म्हणजे ८८ किलोमीटरच्या जागी ११७. पोलिसांनी दिवे लावले, तो थांबला नाही, आणि पाठलाग सुरू झाला. गाडीचा नंबर पोलिसांनी सुरुवातीलाच बिनतारीवर सांगितला होता. डेप्युटी स्कॉट हा बिनतारीवरचं बोलणं ऐकून मागून सामील झाला. मध्येच एका दुकानांच्या संकुलाच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या एकमेकींना घासल्या, आणि तिथून पुढे स्कॉट आघाडीवर आला. त्याने वरिष्ठाकडे पळणारी गाडी धक्का देऊन फिरवण्याची परवानगी मागितली. वरिष्ठाने लगेच ‘उडव त्याला’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. पाठलाग कशावरून सुरू झाला, हे त्या वरिष्ठाने विचारलं नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. धक्का मारण्याचा हुकूम देणाऱ्याला मूळ गुन्हा माहीत नव्हता. तो माहीत असता, तर ‘अठरा मैल जास्त वेग’ या गुन्ह्यासाठी त्याने हे सांगितलं असतं का? सांगितलंही असतं, कोण जाणे. पण तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोचेल अशी रीतच तिथे नव्हती.

मुलाने दावा लावला. अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार नागरिकाला अवाजवी रीतीने ताब्यात घेता येत नाही, आणि गाडीने गाडी उलटवणं हे अवाजवीच, असं त्याचं म्हणणं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हा प्रश्न ज्यूरीपुढे जाऊ द्यावा असं ठरवलं. अपील न्यायालयाचं म्हणणं असं की मुलाचा गाडीवर ताबा होता, वळणांवर तो वेग कमी करत होता, वळताना इंडिकेटरही देत होता. स्कॅलियांनी हे सगळं मोडीत काढलं. त्यांना चित्रफितीत हॉलिवुडच्या पाठलागासारखं, जिवावर बेतणारं दृश्य दिसलं. निकाल आठ विरुद्ध एक असा लागला. रस्त्यावरच्या निरपराध लोकांचे जीव धोक्यात घालणारा पाठलाग संपवण्यासाठी पोलिसाने धक्का दिला, तर पळणाऱ्याचा जीव गेला तरी घटनेचा भंग होत नाही, असा तो निकाल.

एक मत वेगळं पडलं, ते न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्यांनी तीच चित्रफीत बघितली आणि त्यांना वेगळंच दिसलं. कडेला थांबलेल्या गाड्या या पळणाऱ्याच्या भीतीने बाजूला झालेल्या नसून, सायरन ऐकून कायद्याप्रमाणे थांबलेल्या आहेत. पादचारी कुठेच दिसत नाहीत. पुढे त्यांनी एक खवचट टिपण जोडलं. आपले सहकारी मोठ्या महामार्गांच्या जमान्यात गाडी शिकले. दुपदरी रस्त्यावर समोरून गाडी येत असताना ओव्हरटेक करण्याची सवय त्यांना असती, तर चित्रफीत बघून ते एवढे घाबरले नसते. आपल्याकडे साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला किंवा कोकणातल्या घाटरस्त्यांवर रोज गाडी हाकणाऱ्याला हे म्हातारबुवांचं म्हणणं लगेच कळेल.

येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मग ही चित्रफीत १,३५० अमेरिकी लोकांना दाखवली आणि २००९ मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं मत न्यायालयासारखंच पडलं. पण कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाचे कामगार, ईशान्येकडच्या राज्यांत राहणारे, राजकीयदृष्ट्या उदारमतवादी, अशांच्या मतांचं वजन पळणाऱ्याच्या बाजूला जास्त झुकलं. चित्रफीत एकच, आणि बघणारा कोण यावर तिचा अर्थ बदलतो. असं असेल तर ‘आम्हाला दिसतंय, ज्यूरीची गरज नाही’ असं आठ जणांनी म्हणणं हे धाडसाचंच होतं.

अर्थात स्कॅलियांच्या मुद्द्याला वजन नव्हतं असं नाही. पोलिसांनी पाठलाग सोडून द्यायला हवा होता, असा युक्तिवाद झाला, तेव्हा त्यांचं उत्तर साधं होतं. जो जास्त बेफाम चालवेल त्याला सोडा, असा नियम केला, तर प्रत्येक पळणाऱ्याला सुटकेची किल्लीच मिळेल. ताशी नव्वद मैल पकड, दोन-चार वेळा पिवळी रेषा ओलांड, की पोलीस मागे फिरलेच. शिवाय आपण सोडून दिल्याचं पळणाऱ्याला कळणार कसं? दिवे बंद झाले म्हणजे पोलीस गेले, की पुढच्या नाक्यावर सापळा लावून बसले?

या मुद्द्याकडे नंतर येऊ. आधी कायद्याची वाट बघायला हवी, कारण तिच्यात एक विचित्र वळण आहे.

पळणाऱ्या गुन्हेगाराला ठार मारायची मुभा इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यातून अमेरिकेत आली होती. १९७४ मध्ये मेम्फिस शहरात घरफोडी करून पळणारा पंधरा वर्षांचा, आठवीतला मुलगा कुंपणावर चढत होता. तो निःशस्त्र असावा असं पोलिसाला वाटत होतं, तरी त्याने गोळी घातली. मुलाकडे दहा डॉलर आणि एक पर्स सापडली. त्या खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. पळणारा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असल्याशिवाय त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ या नावाने कायद्याचे विद्यार्थी तो पाठ करतात.

चार वर्षांनी प्रश्न आला गाडीचा. चोरीची गाडी वीस मैल पळवणाऱ्या माणसासमोर कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीच्या पोलिसांनी अठरा चाकी ट्रक रस्त्यात आडवा लावला. तोही वळणापलीकडे, आणि शेजारी पोलिसांच्या गाडीचे प्रखर दिवे थेट येणाऱ्याच्या डोळ्यांवर. तो आदळून मेला. त्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की पोलिसांनी हेतुपुरस्सर योजलेल्या साधनाने माणूस थांबला, तर त्याला ‘ताब्यात घेतलं’ असं धरायचं, आणि मग चौथी दुरुस्ती लागू होते. हे ‘हेतुपुरस्सर’ फार महत्त्वाचं. कारण पाठलागाच्या ओघात पोलिसांची गाडी चुकून कुणावर गेली, किंवा पळणाऱ्याची गाडी चौकात तिसऱ्याच कुणाला धडकली, तर त्या तिसऱ्याला पोलिसांनी ‘ताब्यात घेतलं’ असं होत नाही. म्हणजे चौथी दुरुस्ती त्याच्या कामाची नाही.

मग त्याने जायचं कुठे? चौदाव्या दुरुस्तीकडे, जिथे जीविताचं संरक्षण आहे. त्या दाराला कुलूप कसं आहे ते १९९८ च्या ‘काउंटी ऑफ सॅक्रामेंटो विरुद्ध लुईस’ या निकालात कळलं. १९९० च्या मे महिन्यात सॅक्रामेंटोच्या वस्तीतून एक मोटरसायकल सुसाट गेली. चालवणारा अठरा वर्षांचा, मागे बसलेला सोळा वर्षांचा. डेप्युटीने मागे गाडी घातली. पंचाहत्तर सेकंद, १.३ मैल, वेग कधीकधी ताशी शंभर मैलांपर्यंत, आणि दोन वाहनांत शंभर फुटांचं अंतर. एका वळणापाशी मोटरसायकल आडवी झाली. चालवणारा बाजूला झाला. पोलिसांच्या गाडीने ब्रेक मारले, ती घसरत गेली आणि मागे बसलेल्या मुलावर आदळली. तो तिथेच गेला. न्यायालयाने ठरवलं, की अशा वेळी पोलिसाचा निष्काळजीपणा पुरेसा नाही, बेपर्वाईही पुरेशी नाही. अटकेच्या कामाशी संबंध नसलेली इजा करण्याचा हेतूच असला पाहिजे. तरच न्यायबुद्धीला धक्का बसेल आणि घटनेचा भंग होईल.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. पळणारा गुन्हेगार न्यायालयात जाऊन ‘माझ्यावर वापरलेलं बळ वाजवी होतं का’ असं विचारू शकतो. हरेल, पण विचारू शकतो. घरी परतताना सिग्नलला थांबलेली बाई, फुटपाथवरचा म्हातारा, मागच्या सीटवरचं पोर, यांना तेवढाही प्रश्न विचारता येत नाही. त्यांना पोलिसाच्या मनात दुष्ट हेतू होता हे सिद्ध करावं लागतं, आणि तो हेतू जवळजवळ कधीच नसतो. अपराध्याला जेवढा कायदा मिळतो, त्याहून कमी निरपराध्याला मिळतो. घटनेचे अभ्यासक याची तार्किक कारणं देतील, आणि ती कारणं खोटीही नाहीत. तरी अन्याय तो अन्यायच.

आणि हे लोक थोडेथोडके नाहीत. अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने १९९६ ते २०१५ या वीस वर्षांची मोजदाद केली, तेव्हा पाठलागांत सात हजारांहून अधिक माणसं मेलेली निघाली. वर्षाला सरासरी ३५५, जवळजवळ रोज एक. मेलेल्यांत साधारण दोन तृतीयांश पळणाऱ्या गाडीतले होते. त्यात फक्त चालकच नव्हते, सोबत बसलेलेही होते. उरलेल्यांतले बहुतेक या प्रकरणाशी काही देणंघेणं नसलेले. पोलीस एक टक्क्याच्या आसपास. पुढे ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या पत्रकारांनी सरकारी आकड्यांतली गळती शोधत २०१७ ते २०२२ या सहा वर्षांतले मृत्यू जमवले. ते ३,३०० च्या वर गेले.

घटनेचं दार बंद, म्हणून लोक राज्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याकडे वळतात. तिथे कॅलिफोर्नियाची गंमत बघण्यासारखी आहे. गंमत म्हणायची जीभ होत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. तिथल्या वाहन कायद्याच्या १७००४.७ या कलमानुसार, पोलीस खात्याने पाठलागाचं लेखी धोरण तयार केलं आणि शिपायांना त्याचं नियमित प्रशिक्षण दिलं, की पळणाऱ्या गाडीने केलेल्या नुकसानीपासून खात्याला अभय मिळतं. धोरण त्या रात्री पाळलं गेलं की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. कागद फायलीत असला म्हणजे झालं. २००२ मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयाने असा एक दावा नाइलाजाने फेटाळला आणि विधिमंडळाला या कायद्याचा पुन्हा विचार करा, असं निकालातच सुचवलं.

त्याच वर्षी जानेवारीत चिको गावात एक कुटुंब मुलीच्या बास्केटबॉलच्या सामन्याला निघालं होतं. एका किशोरवयीन मुलीने आईची गाडी न विचारता नेली होती. आईनेच पोलिसांना कळवलं होतं. मुलगी कोण, राहते कुठे, हे पोलिसांना ठाऊक होतं. तरी वस्तीतून पाठलाग झाला, तिने थांब्याची पाटी ओलांडली आणि गाडी या कुटुंबावर आदळली. सामना खेळायला निघालेली पंधरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईने पुढची अनेक वर्षं कायदा बदलण्यासाठी घालवली. मुलीच्या नावाने विधेयक आलं, पोलिसांच्या संघटनांनी विरोध केला, आणि शेवटी २००५ मध्ये प्रशिक्षण थोडं कडक करणारी, अभय मात्र शाबूत ठेवणारी दुरुस्ती मंजूर झाली.

पण खात्याचा तो लेखी कागद नुसताच शोभेचा असतो, असंही समजू नये. उलट, सगळी ताकद त्यातच आहे, हे दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातले गुन्हेशास्त्रज्ञ जेफ्री आल्पर्ट यांनी नव्वदच्या दशकात आकड्यांनिशी दाखवलं. मायामी परिसराच्या मेट्रो-डेड पोलिसांनी १९९२ मध्ये नियम केला, की हिंसक गंभीर गुन्हा असेल तरच पाठलाग करायचा. पुढच्या वर्षी पाठलाग २७९ वरून ५१ वर आले. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने १९९३ मध्ये नेमकं उलट केलं, नियम सैल केले. तिथे १७ चे १२२ झाले. एका वर्षात मायामीतले गुन्हेगार सज्जन झाले नव्हते, आणि ओमाहातले बिघडलेही नव्हते. बदलला होता तो कागद. रस्त्यावर पाठलाग किती होणार, हे पळणारा ठरवतो असं आपल्याला वाटतं. बऱ्याच अंशी ते पोलीस प्रमुखाच्या टेबलावर ठरतं.

याच अभ्यासात पळून पकडल्या गेलेल्या कैद्यांनाही विचारलं होतं. स्कॅलियांच्या ‘त्याला कळणार कसं’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सत्तर टक्क्यांहून अधिक जण म्हणाले, की सुरक्षित वाटलं की आम्ही वेग कमी केला असता. गावात दोन-अडीच चौक, महामार्गावर दोन-अडीच मैल मागे कुणी दिसलं नाही, म्हणजे सुरक्षित. कैद्यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण स्कॅलियांच्या निकालात तर याबाबत नुसता तर्क होता. इथे निदान कुणीतरी जाऊन विचारलं होतं.

२०२३ मध्ये अमेरिकी पोलीस प्रमुखांच्या संशोधन संस्थेने, ‘पर्फ’ने, मायामीसारखीच शिफारस केली. हिंसक गुन्हा घडलेला असावा, आणि पळणारा लगेच आणखी हिंसा करेल असा धोका असावा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच गाडी मागे घालायची. चळवळ्यांनी हे म्हणणं वेगळं, आणि पोलिसांच्याच माणसांनी म्हणणं वेगळं.

आता दुसरी बाजू, आणि तीही टाळण्यासारखी नाही. न्यूझीलंडने २०२० च्या शेवटी पाठलागाचे नियम फार कडक केले. पाठलाग झपाट्याने घटले. पण पोलिसांनी हात दाखवला की न थांबता निघून जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि त्यातले पकडले जाणारे कमी झाले. २०२३ मध्ये त्या देशाने नियम पुन्हा सैल केले. वॉशिंग्टन राज्याचंही तसंच. तिथल्या विधिमंडळाने २०२१ मध्ये पाठलागावर बंधनं घातली, २०२३ मध्ये थोडी उतरवली आणि २०२४ मध्ये नागरिकांच्या सह्यांनी आलेला प्रस्ताव मंजूर करून बहुतेक काढून टाकली. गाड्या चोरीला गेलेले लोक मतदारही असतात. ज्याची गाडी डोळ्यांदेखत चोर घेऊन गेला आणि शिपाई नुसता बघत उभा राहिला, त्याला मायामीचे आकडे ऐकवून समाधान होत नाही. मला त्याचा राग समजतो. फक्त त्या रागाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न उरतोच. चोरही मोजत नाही आणि गाडीमालकही मोजत नाही, मोजतो तो चौकातला तिसरा माणूस.

पाठलाग लवकर संपवला तर धोका कमी, या विचारातून धक्क्याचं तंत्र आलं. पोलिसांच्या भाषेत ‘पिट’. पळणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ आपल्या गाडीचा पुढचा कोपरा लावायचा, स्टिअरिंग झटक्यात वळवायचं, की ती गाडी गिरकी घेऊन उलट तोंडाने थांबते. कमी वेगात, मोकळ्या रस्त्यावर, शिकलेल्या हाताने केलं तर ते चालतं. वेग वाढला की गिरकीची कोलांटी होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २०१६ पासून या तंत्राने किमान तीस जण मेल्याचं दिसलं.

त्याच वर्षी जुलैत आर्कान्सामध्ये एका गर्भवती बाईच्या मागे राज्य पोलिसाने दिवे लावले. ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर तिचा वेग ८४ होता. तिने वेग कमी केला, उजव्या मार्गिकेत आली, धोक्याचे चारही दिवे लावले. कडेची पट्टी अरुंद होती, म्हणून ती पुढच्या बाहेर पडायच्या रस्त्यापर्यंत जायला निघाली. राज्याच्याच वाहनचालकांच्या पुस्तिकेत सुरक्षित जागा मिळेपर्यंत दिवे लावून हळू चालवा, असं सांगितलं आहे. दोन-सव्वादोन मिनिटांत पोलिसाने तिला पिटचा धक्का दिला. गाडी दुभाजकावर आदळून उलटली. उलट्या गाडीत लटकलेल्या बाईला तो विचारतो, थांबली का नाहीस. ती म्हणते, सुरक्षित वाटलं नाही. तो म्हणतो, मग हे असं झालं. हे सगळं त्याच्याच कॅमेऱ्यात आहे. बाई वाचली, पोटातलं मूलही वाचलं, तिने दावा लावला. तडजोड झाली आणि राज्य पोलिसांनी पिट कधी वापरायचा याचे नियम बदलले. नियम पुन्हा बदलला तो कागदावर, न्यायालयाच्या निकालात नाही.

टेक्सासमधल्या ट्यूलियाजवळ २०१० मध्ये तर पुढे टायर फोडणाऱ्या काट्यांच्या पट्ट्या टाकून ठेवलेल्या असताना, पुलावर उभ्या असलेल्या पोलिसाने येणाऱ्या गाडीवर रायफलच्या सहा गोळ्या झाडल्या. ‘थांब, आधी काटे काम करतात का बघू’, असं वरिष्ठाने सांगितलं होतं. चालक गोळ्यांनीच मेला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसाला ‘क्वालिफाइड इम्युनिटी’खाली सोडलं. हे कृत्य बेकायदा आहे हे आधीच्या निकालांनी निःसंदिग्ध ठरवलेलं नव्हतं, म्हणून दावा चालणार नाही, असा त्या अभयाचा अर्थ. असा दावा कधी चालूच दिला नाही, तर तो निःसंदिग्ध निकाल येणार कुठून, हे न्यायालयाने सांगितलेलं नाही.

पोलिसाला शिक्षा होतच नाही, असंही नाही. फक्त ती टिकत नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये हेल्मेट न घालता भाड्याची मोपेड फुटपाथवरून चालवणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणामागे पोलिसांनी गाडी घातली. वाहतूक नियमभंगासाठी पाठलाग करायचा नाही, असा त्या खात्याचा लेखी नियम होता. अरुंद गल्लीत पोलिसाने दिवे आणि सायरन बंद करून वेग वाढवला. तरुण गल्लीतून मुख्य रस्त्यावर आला आणि एका व्हॅनने त्याला उडवलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला खुनाबद्दल दोषी ठरवलं. राजधानीच्या पोलिसावर कामावर असताना केलेल्या कृत्यासाठी असा ठपका याआधी आला नव्हता. २०२४ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली.

ब्रिटनने तिसराच मार्ग धरला. तिथे अनेक वर्षं पोलिसाच्या गाडी चालवण्याची तुलना सामान्य काळजीपूर्वक चालकाशी व्हायची, आणि त्या मापाने पाठलाग करणं हाही गुन्हा ठरू शकायचा. २०२२ च्या कायद्याने माप बदललं. आता तेच प्रशिक्षण मिळालेल्या दुसऱ्या पोलिसाने काय केलं असतं, ते बघायचं. मला हे माप रास्त वाटतं. त्यात प्रशिक्षणाला किंमत आहे आणि मोकळीकही नाही. पण मापाआधी खरं बोलणं यावं लागतं. मे २०२३ मध्ये कार्डिफच्या ईली भागात विजेच्या सायकलवरची पंधरा आणि सोळा वर्षांची दोन मुलं मेली. आमची गाडी मागे नव्हतीच, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. मग कॅमेऱ्यात मागे जाणारी पोलीस व्हॅन दिसली. तोवर वस्तीत दंगल होऊन गेली होती.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण असं, की एका बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या फार आधीपासून शहाणा आहे. अटक करताना, मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा मृत्यू घडवून आणण्याचा हक्क पोलिसाला नाही, हे वाक्य १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६ मध्ये होतं, १९७३ च्या संहितेतही त्याच क्रमांकाने राहिलं, आणि आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. गार्नरचा निकाल लागला तेव्हा आपलं वाक्य ८७ वर्षांचं होतं. पण ते गोळी आणि लाठीच्या काळात लिहिलेलं. मागे लागलेली दीड टनाची गाडी किंवा चालत्या दुचाकीला मारलेली लाथ, यांचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

मार्च २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेल्या एका जोडप्याच्या मोटरसायकलमागे वाहतूक पोलीस निरीक्षक लागला आणि त्याने ती लाथाडली. मागे बसलेली बाई रस्त्यावर पडून मेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, निरीक्षकाला अटक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लखनौत गाडी थांबवली नाही म्हणून पोलीस शिपायाने नोकरदार माणसाला गोळी घातली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती त्या एका पोलिसाच्या माथेफिरूपणाची. त्याच्या खात्याने कुणामागे लागायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या हुकमाने थांबायचं, हे त्याला कधी लिहून दिलं होतं का, ही चर्चा झाली नाही.

आपल्याकडे वळणाआड उभं राहून एकदम दुचाकीसमोर काठी आडवी करणारा हवालदार सगळ्यांनी बघितला आहे. तो काही दुष्ट नसतो. भर उन्हात चौकात उभा राहून रोजच्या पावत्यांचा हिशेब द्यायचा असतो त्याला, आणि निसटून जाणाऱ्याने त्याच्या तोंडावर हसून गेलेलंही त्याला चालत नाही. पण नंबरप्लेटवरून घरी ई-चलान पोचत असताना हेल्मेटसाठी कुणाच्याही मागे धावण्यात अर्थ नाही, हे ठरवण्याचं ओझं त्याच्यावर टाकणं चूक आहे. ते वरिष्ठांनी ठरवायचं असतं, आधी, शांतपणे, लिहून. ओमाहा आणि मायामीचे आकडे तेच सांगतात.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार कर्मचारी ज्या सूचना आणि नियमपुस्तिकांच्या आधारे काम करतात, त्या प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात. तुमच्या आयुक्तालयाच्या किंवा जिल्हा अधीक्षकांच्या संकेतस्थळावर वाहनाच्या पाठलागाबद्दलची सूचना आहे का, एवढं बघा. नसेल तर दहा रुपयांचं शुल्क लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत बसवावा लागतो. इथे तीन ओळी पुरतात. कोणत्या गुन्ह्यासाठी गाडी मागे घालायची, परवानगी कोण देतो, आणि थांबवायला कोण सांगतो, याबाबतच्या लेखी आदेशाची प्रत मागा. उत्तर द्यायला त्यांच्याकडे तीस दिवस असतात.